तिच्या भुवयांचा रंग

चित्र पूर्ण झालं, स्नेहलनं तिला बघताक्षणी ओळखलं, फ्रेम हॉलमध्ये लागली आणि त्या दिवसापासून स्नेहल परत दोन वेळा नीट जेवायला लागली. म्हणजे शेवट चांगला आहे, कुणी टेन्शन घेऊ नये. आता यातलं काहीच झालेलं नाही असं धरू. चित्र नाही, फ्रेम नाही, भिंतीला खिळासुद्धा नाही, कारण उलव्यातल्या आमच्या बिल्डरच्या भिंतीत खिळा ठोकला की पलीकडच्या शेजाऱ्यांचं कॅलेंडर पडतं. झालेलं झालंच नाही असं धरणं मला जड जात नाही. चौदा महिने मी त्याच्या उलटं करत होतो, न झालेलं झालं असं धरून चाललो होतो, आणि ते फार अवघड असतं. त्यात रोज थोडी थोडी भर घालावी लागते.

तेव्हा रविवारची सकाळ. स्नेहल ओट्याशी उभी राहून बोंबील साफ करत होती. बोंबील तिच्या माहेरून आले होते, मोऱ्याहून. तिची आई आठवड्याला डबा पाठवते आणि डब्याला वर्तमानपत्राचे इतके थर गुंडाळते की मासे खाण्याआधी आमची मागच्या महिन्याची उजळणी होते. मी त्यातलाच एक ओला कागद वाचत होतो. वरून विमान गेलं, भांड्यांच्या रॅकमधले चमचे नेहमीसारखे थरथरले, आणि ते थांबायच्या आत स्नेहल म्हणाली, "तिला भुवया होत्या का रे?"

"होत्या," मी म्हणालो.

"कशा?"

"दोन."

हा विनोद होता. माझे विनोद असेच असतात, चेहरा न हलवता, आणि लग्नाआधी स्नेहल याच्यावरच भाळली होती असं ती स्वतः सांगते, चूक कबूल करावी तसं. एरवी तिनं हातातलं काहीतरी फेकून मारलं असतं. या वेळी तिनं बोंबलाचं डोकं कापलं, ते बाजूला ठेवलं, दुसऱ्याचं कापलं, ते पहिल्याच्या शेजारी ठेवलं. "विचारलं की तू असंच करतोस," ती म्हणाली. "सांगता येत नसेल तर काढून दाखव. मी काय मोठा फोटो मागत नाय. आपलं समजेल इतकं." संध्याकाळी ती स्टेशनरीच्या दुकानातून चोवीस रंगांची पेटी घेऊन आली. मऊ शिशाच्या पेन्सिली, पत्र्याच्या डब्यात, झाकणावर पोपट. पोपट फार छान काढला होता. ज्याने काढला त्याने पोपट पाहिला असणार.

मी पाहिलं नव्हतं. एवढंच आहे. आठव्या महिन्यात एका मंगळवारी पोटातली हालचाल थांबली, बुधवारी दवाखान्यात मुलगी झाली आणि ती आधीच गेलेली होती. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही, बायका ठरवतात. माझ्या आईनं, जमुनाबाईंनी, स्नेहलच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, "बगू नको बाय. बगितला का जीव गुततो, मंग पुडचा र्‍हात नाय." स्नेहलच्या अंगात औषधं होती, तिला मान उचलता येत नव्हती. तिनं माझ्या शर्टाचं दुसरं बटण धरलं आणि म्हणाली, "तू बघ. नीट बघ. मग मला सगळं सांग." मी हो म्हणालो. एका कागदावर ‘पाहून ताब्यात घेतले’ असं छापलेलं होतं, त्याखाली सही केली. तोवर पाहिलं नव्हतं, पण घाईच्या वेळी सही आधी आणि बघणं नंतर, ही माझ्या हाताची सवय आहे. उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात मी नऊ वर्षं सर्व्हेअर आहे. रिकामा कंटेनर परत आला की तो आतून बघायचा, पोचे मोजायचे, मग आत जाऊन दार लावून घ्यायला लावायचं आणि अंधारात उभं राहून पाहायचं, कुठे भोकातून उजेड येतो का. उजेड आला तर पावसाचं पाणीही येणार. उन्हाळ्यात आत भट्टी असते. दिवसाच्या चाळिसातल्या दहा कंटेनरांत जातो, उरलेल्या तिसांचं बाहेरूनच लिहितो: उजेड नाही.

गावच्या खाडीकडेला, तिवरांच्या अलीकडे, लहान मुलांची जागा आहे. लहानांना जाळत नाहीत, मिठात पुरतात. चांगदेवकाका आणि मी असे दोघंच गेलो; असल्या कामाला माणसं जमवत नाहीत. काकांचा जन्म मिठागरात गेला. आगरं बुजवली, पण तिथल्या मिठानं त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नाहीत. मी दुकानातून मिठाच्या एक किलोच्या दहा पिशव्या आणल्या होत्या. काकांनी एक फोडली, चिमूट जिभेवर टाकली आणि थुंकले. "याला मीठ म्हनतान? पीठ हाय नुसता. पोरीला ह्यात ठेवाची?" मग त्यांनी खड्ड्याच्या कडेला बसून गाठोडं मांडीवर घेतलं आणि वरचं कापड बाजूला केलं. "माज्या दोनी डोल्यांत मोतीबिंदू. मना काय दिसत नाय. तू बग. कोनावर गेलीय?"

सकाळचे साडेअकरा झाले होते. ऊन चांगलं होतं. बघायला कसलीच अडचण नव्हती. माझ्या डाव्या हाताला हातभर अंतरावर तिचं तोंड उघडं होतं आणि माझी मान उजवीकडे वळली, आपोआप, कुणी हाक मारल्यासारखी. तिकडे मिठाच्या पिशव्या होत्या. वरच्या पिशवीवर एक बाई हसत होती, तिच्या हातात भाजीची कढई होती, खाली ‘आयोडीनयुक्त’ लिहिलं होतं, त्याच्याखाली ‘कोरड्या जागी ठेवावे’. मी ते सगळं वाचलं. पत्ता वाचला, पिन कोड वाचला. ग्राहक तक्रारीचा नंबर मला अजून पाठ आहे. आणि तोंडानं म्हणालो, "आईवर गेलीय."

"जमुनावर," काका म्हणाले, आणि कापड झाकलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण काकांनी घरी जाऊन सांगितलं, पोर जमुनावर गेलती. आई रडली आणि रडता रडता तिला बरंही वाटलं, ते दिसलं. मग कुणीतरी विचारलं, नाक का? मी म्हणालो, हो, नाक. महिन्याभरात त्या नाकाला आकार आला. गणपतीपर्यंत मोठी काकी सांगायला लागली की नाकाचा शेंडा जरा वर होता, थेट सासूबाईंसारखा, ज्यांना मोठ्या काकीनंसुद्धा फोटोतच पाहिलंय. वर्ष होईतो नाक रागीट झालं होतं. जगात कुणीही न पाहिलेलं एक नाक आमच्या घरात माणसासारखं वावरायला लागलं, आणि स्नेहल जेवताना हात थांबवून त्याच्याबद्दल ऐकायची. फक्त भुवयांचं कुणी बोललं नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं.

मला चित्र येत नव्हतं. शाळेत मी डोंगर काढायचो, मागे अर्धा सूर्य. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी अकरा वाजता रंगीत पेन्सिलींचा वर्ग असतो, तो ज्येष्ठ नागरिकांसाठी. सुचिता मॅडम शिकवतात. उरणच्या शाळेतून चित्रकला शिकवून रिटायर झाल्या. त्यांनी रजिस्टर उघडून विचारलं, "वय?"

"एकतीस."

"वाटत नाही. बसा," त्या म्हणाल्या, आणि मला कळलं की इथे आपलं जमेल.

पहिले तीन रविवार फक्त रेघा. मऊ पेन्सिल दाबायची नाही, हे त्यांचं पहिलं. हात उचलून धरायचा, कागदाला पेन्सिल लागली की नाही असं वाटलं पाहिजे. रंग येत नाहीसा वाटला तरी थांबायचं नाही, थरावर थर द्यायचा. वीस थर. पंचवीस. दाबलं की कागदाचे दाणे मेणानं बुजतात, मग वर दुसरा रंग बसतच नाही, घसरतो. पेन्सिल खाली पाडायची नाही, कारण आतलं शिसं जागोजाग तुटतं आणि बाहेरून काही कळत नाही. टोक काढायला लागलं की तुकडा पडतो, परत काढलं की परत पडतो, शेवटी नुसतं लाकूड उरतं. आणि पांढरा. माझ्या पेटीत पांढरी पेन्सिल होती, ती मी मोठ्या आशेनं काढून ठेवली होती. "ती काही कामाची नाही," मॅडम म्हणाल्या. "पांढरा कागदाचा असतो. जिथं उजेड पाहिजे तिथं आधीपासून हात लावायचा नाही. नंतर आणू म्हणाल तर येत नाही." हे सगळं त्या इतक्या साध्या आवाजात सांगत की मला दोनदा उठून बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

पाचव्या रविवारी मी बाळ काढायचं म्हणालो. मॅडमना आनंद झाला, बाकी सगळे आंबे काढत होते.

"कुणाचं बाळ?"

"माझं. मुलगी."

"अरे वा. किती महिन्यांची?"

"आठ."

"नाव काय ठेवलं?"

"अजून नाही ठेवलं."

"आठ महिने झाले तरी?"

"आमच्यात उशीर होतो," मी म्हणालो. यात एकही शब्द खोटा नव्हता. मॅडमनी पेटीतली फिकट गुलाबी पेन्सिल उचलली, तिच्यावर ‘स्किन’ लिहिलं होतं. "हा रंग जगात कुणाचाच नसतो. फेकून द्या. कातडीला खाली हिरवा द्यायचा, फिकट. त्यावर निळा. मग गुलाबी, मग तपकिरी. आधी बाळ मेल्यासारखं दिसेल, घाबरायचं नाही. थर चढले की जीव येतो." मी मान हलवली. हिरवा द्यायला लागलो.

कापड मला येत होतं. कापड मी पाहिलं होतं. पांढरं, सुती, फिकट निळ्या पट्ट्यांचं, एका कोपऱ्यात दवाखान्याचा शिक्का, अर्धा धुतला गेलेला, आणि कडेला एक धागा सुटलेला. मी ते दोन रविवारांत काढलं, घडीन् घडी, सावल्यांसकट. मॅडमनी ते वर धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा. याला म्हणतात निरीक्षण." सगळ्या ज्येष्ठ नागरिकांनी टाळ्या वाजवल्या. कापडाच्या मध्ये मुठीएवढा कोरा कागद होता.

त्या कोऱ्या जागेसाठी मी बरंच फिरलो. दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर सुंदराबाई भेटल्या, तिथल्या आया. त्या दिवशी गुंडाळून दिलं ते त्यांनीच. मी तारीख सांगितली. त्यांनी बशीत चहा ओतला. "चेहरा नाय बगत रे बाबा मी. पाय बगते. पायाला नंबरची पट्टी बांधायची असते ना."

"पाय कसे होते?"

"पायासारखे," त्या म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या. मग म्हणाल्या, "बाप तू? तू नाय बगितलंस?" मी म्हणालो, बघितलं ना, पण ताळा करून घेत होतो.

यार्डात मी प्रत्येक कंटेनरमध्ये जायला लागलो. चाळीसच्या चाळीस. माझ्याबरोबरचा निकेश दार लावायचा आणि बाहेरून ओरडायचा, "दिपेश, आत कुनाला ठेवलीयस काय?" आतला अंधार गरम असतो, त्याला गंजाचा आणि कधी कुठल्या देशातल्या कांद्याचा वास असतो. मी मधोमध उभा राहायचो आणि मान डावीकडे वळवायचो. सावकाश. खाडीवरचं ऊन आणायचो, काकांची मांडी आणायचो, त्यांच्या टाचा, कापडाचा सुटलेला धागा, मिठाची थुंकी मातीत पडलेली, ती वाळताना. सगळं यायचं, अगदी जागच्या जागी. मग कापडाची घडी बाजूला व्हायची आणि तिथे हातात कढई घेतलेली बाई हसत असायची. मी पत्र्यावर मूठ आपटायचो. निकेश दार उघडून विचारायचा, "भोक सापडला काय?"

शेवटी ते राजवर्धनकाकांमुळे झालं. हे कोल्हापूरकडचे, पोस्टातून रिटायर झालेले, मुलाकडे उलव्याला राहतात आणि वर्गात माझ्या बरोब्बर समोर बसतात. एक आंबा अर्धा रंगवून झाला की त्यांना झोप लागते. झोपण्याआधी ते कवळी काढून रुमालात बांधतात आणि खिशात ठेवतात, गिळली जाईल म्हणून. त्या रविवारी मी कोऱ्या कागदावर हिरवा आणि निळा देऊन बसलो होतो, चेहरा नसलेला नुसता रंग, आणि समोर काका झोपले. डोक्यावर केस नव्हते. ओठ आत गेले होते, गाल खाली आले होते, मिटलेल्या डोळ्यांच्या पापण्या सुजल्यासारख्या, कपाळावर आठी, कुणीतरी उगाच उठवलं तर ओरडेन अशी. जगात नुकतं आलेलं माणूस असंच दिसतं. मी बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी बघत राहिलो. मान हलली नाही. हात उचलून, कागदाला लागेल न लागेल असा, मी गुलाबी द्यायला लागलो. नाकाचा शेंडा जरा वर घेतला, घरात तसं ठरलेलं होतं. भुवया काकांच्या जवळजवळ नव्हत्याच, चार राखाडी केस. तिथे मी तपकिरीची एकेक रेघ दिली, इतकी हलकी की ती रेघ आहे का कागदाचाच दाणा आहे हे मलाही सांगता आलं नसतं. काका जागे झाले, कवळी लावली, माझ्या कागदात डोकावून म्हणाले, "गोड हाय बघा लेक. बापावर गेलीया."

घरी स्नेहल कपडे वाळत घालत होती. मी कागद टेबलावर ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. माझा अंदाज होता की ती हसेल. एक बाळ, ज्याला पोस्टाची पेन्शन मिळते असं वाटतंय. ती हसली की मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. बराच वेळ झाला तरी आवाज आला नाही म्हणून बाहेर आलो. ती खुर्चीवर बसली होती, खांद्यावर माझी ओली पँट तशीच, तिचं पाणी तिच्या पाठीवरून ओघळत होतं. तिनं कागदाला हात लावला नव्हता. हात कागदावर धरला होता, अंतरावर, शेगडीवर धरतात तसा.

"हीच," ती म्हणाली.

मी म्हणालो, "स्नेहल—"

"थांब. बोलू नको." मग म्हणाली, "चिडली होती नाय? कपाळ बघ. तिला यायचं नव्हतं असं नाय, तिला उशीर झाला म्हणून चिडली." तिनं ओल्या पँटनंच डोळे पुसले. "मला वाटायचं तू काय बघितलं नसशील. तू असला. कसला पण जोक करून मोकळा होशील असं वाटायचं. रोज वाटायचं मला. खरं सांगू? मी असते ना तर मीच डोळे मिटले असते. माझी हिम्मतच झाली नसती. तू बघितलंस म्हणून ती हाय तरी. नायतर कोणीच बघितलेली नसती ती." आणि तिनं माझा हात घेतला, ज्याच्या करंगळीच्या कडेला मेणाचा रंग लागला होता, आणि कडेकडेनं तो बघत राहिली, जणू त्या हातानं पाहिलं होतं.

माझे तीन शब्द तेव्हा तोंडात होते. जे मी तिच्याकडून माफ करून घ्यायला उभा होतो, ते तिनं स्वतःलाच माफ करून टाकलं होतं, माझ्या वाट्याचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर मुलगी एका वाक्यात दुसऱ्यांदा गेली असती, आणि या वेळी मांडीवर घ्यायला चांगदेवकाका नव्हते. मी म्हणालो, "भुवया जरा फिकट आल्यात." ती म्हणाली, "बरोबर आल्यात."

बाकी सगळं ठरल्यासारखं झालं. फ्रेम लागली, शेजाऱ्यांचं कॅलेंडर पडलं. आई गावाहून आली, फ्रेमसमोर उभी राहिली आणि तिनं स्वतःचं नाक चाचपलं. चांगदेवकाकांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, ते काच नाकाला लागेपर्यंत जवळ गेले आणि म्हणाले, "अशीच व्हती." कुणालाही आता तिच्याबद्दल काही विचारायचं नाही. मी कंटेनरमध्ये जातो, दार लावून घेतो, आणि मान वळवली की तिथे आता कढईवाली बाईसुद्धा नसते. राजवर्धनकाका असतात, झोपलेले. तिचा खरा चेहरा कुठेतरी असेल तर त्याच्यावर मी पंचवीस थर चढवलेत आणि दाणे बुजवलेत. वर काही बसणार नाही. रविवारी सगळे जेवायला बसतात तेव्हा ती भिंतीवरून माझ्याकडे बघत नाही, कारण डोळे मिटलेले आहेत. ते मी मिटलेले काढले. मिटलेलेच असणार, असं मी धरलं.

काल यार्डात साहेबांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहिला. कुठे द्यायचा ते ठरलेलं नाही. मजकूर पुढीलप्रमाणे:

प्रति,
संबंधित अधिकारी, ज्यांच्या अखत्यारीत हे येत असेल ते.

विषय: दिनांक व वेळ उलटून गेलेल्या एका मिनिटाच्या फेरतपासणीस परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये विनंती की, अर्जदार हा सदर दिवशी सकाळी ठीक साडेअकरा वाजता खाडीकडेच्या जागेवर प्रत्यक्ष हजर होता. उजेड पुरेसा होता. बालिकेचे तोंड उघडे करण्यात आले होते व ते अंदाजे एक मिनिट उघडे होते. त्या संपूर्ण कालावधीत अर्जदाराची मान उजवीकडे होती. तरी सदर मान डावीकडे करण्याचे आदेश व्हावेत. अर्जदार कोणताही शब्द बोलणार नाही, कोणास काही दाखवणार अथवा सांगणार नाही, व मिनिट संपताच कापड स्वतः झाकून जागा पूर्ववत करून देईल. याकामी लागणारे मीठ अर्जदार स्वखर्चाने आणेल, जाडे.

कळावे.

आपला विश्वासू,
दिपेश, बालिकेचा बाप